कांदा का मोसंबी, बाई

मोजायच्या टेपची डबी तुमच्या गळ्यात होती, टेपचं टोक माझ्या मुठीत, तुम्ही खदानीच्या भिंतीला नाक लावून आकडा वाचत होत्या, अन् मी सहज मागं बघितलं तर बाभळीला बांधलेली दोरी नुसती लोंबत होती. जुन्या लुगड्याची दोरी. तिच्या दुसऱ्या टोकाला कोमल पाहिजे होती. गाठ तशीच होती, गोल, पोरगी त्यातून निघून गेली होती, हातातून बांगडी निघावी तशी.

मी ओरडले नाय. आई ओरडती म्हणतात, मला ते जमलं नाय, मी आपली बारीक आवाजात कोमल, कोमल करत राहिले, जशी काय ती खाटेखाली लपलीय. पाण्यात पिवळं दिसलं. तिचा झगा पिवळा होता. तुम्ही वळून बघितलं अन् म्हणल्या, "सविता, टेप सोड." मी टेप धरूनच उभी होते. तुमच्या गळ्याला तो ओढत होता, तुम्ही जाणार कशा. मी सोडला तसा तो सर्रकन तुमच्याकडं गेला, अन् तुम्ही बुटांसकट, चष्म्यासकट पाण्यात.

पोहता तुम्हाला येत नव्हतं. ते मला नंतर कळलं.

कमरेएवढं पाणी, मग छातीएवढं. कोमल त्या गोल दगडाला चिकटलेली, तोंड तेवढं वर. तुम्ही तिला सोडवली, खांद्यावर पालथी टाकली, पाठीवर चापट्या मारत बाहेर आल्या. ती ओकली, खोकली, मग रडली. रडलेलं ऐकलं अन् मी खाली बसले. तुम्ही पण बसल्या, माझ्या शेजारी, चिखलात. चष्मा खाली गेला तो गेलाच.

झेंडूच्या वावरातून आत्याबाई पळत आल्या, म्हणजे माझ्या सासूबाई. पोरीला उलटीपालटी करून बघितली, मला एक शिवी घातली, मग विचारलं, "वाचली कशी?"

मी म्हणलं, बाईंनी काढली.

तेवढ्यावर भागलं असतं. तुम्ही गप बसल्या असत्या तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तुम्ही दात वाजत वाजत म्हणल्या, "मी फक्त उचललं, आजी. तिला त्या दगडानं धरून ठेवलं होतं. झगा भेगेत अडकला होता. नाहीतर मी पोचेपर्यंत ती पुढं गेली असती, अन् पुढं तळ नाही."

आत्याबाईंनी दगडाकडं बघितलं. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्याच दगडावर तुमचा लाल ठिपका होता.

हे लिहायला मला तुमच्या वैशालीताईंनी सांगितलं. तुमची विद्यार्थिनी, आता तुमच्याच कॉलेजात दगडांचं शिकवती. तुमच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढणारेत. मी म्हणलं, ताई, मी आठवीतून घरी बसलेली, मला काय लिहिता येतंय. त्या म्हणल्या, बोलता तसं लिहा, बाईंशी बोलता तसंच. म्हणून तुमच्याशीच बोलते. तुम्ही किती शिकलेल्या, कुठं नोकरी, कधी रिटायर, ते बाकीचे लिहितील. मला त्यातलं निम्मं माहीत नाय. मला तुम्ही माहीत ते हातोडी घेऊन आलेल्या.

आमच्या मळ्याच्या मागं ती खदान. मी लग्न होऊन आले तेव्हाच बंद पडलेली, क्रशरचं लोखंड भंगारवाल्यानं नेलेलं, खड्ड्यात पाणी साठलेलं. आम्ही बाया तिथं धुणं धुवायचो. एक दिवस डोक्यावर टोपी, पायात पुरुषाचे बूट, अशी एक म्हातारी बाई स्कूटर लावून भिंतीवर ठोकायला लागली. आत्याबाई म्हणल्या, "जा गं, बघ, कोणाच्या घरची सुटलीय." मी कोमलला कडेवर घेऊन भीत भीत आले. तुम्ही मला कोण, कुठली, काय विचारलं नाय. म्हणल्या, "हे टोक धर जरा." मी धरलं. धरलं ते धरलंच, तीन हिवाळे.

पहिल्याच हिवाळ्यात तुम्ही ते लाल ठिपके दिले. भिंतीत अन् खाली जे गोल गोल दगड होते त्यातले चांगले निवडून प्रत्येकावर ऑइलपेंटचा ठिपका अन् नंबर, म्हणजे पुढच्या वेळी ओळखायला. पुढच्या वेळी आल्या तर खालच्या प्रत्येक ठिपक्यावर हळद, अन् झेंडूचं एक एक फूल. वस्तीतल्या बायांना वाटलं, कोणीतरी देव बसवलेत, आपण मागं कशाला राहा. तुम्ही कमरेवर हात ठेवून हसल्या, हसता हसता खाली बसल्या. म्हणल्या, "सविता, सात नंबरला तर नारळ फोडलाय." मग तुम्ही फुलं एकेक उचलून बाजूला ठेवली, फेकली नाय, मोजमाप घेतलं, अन् फुलं परत जागेवर ठेवली. मी ते बघितलं होतं. आत्याबाईंनी पण.

तुमचं म्हणणं काय होतं ते मी माझ्या अकलेनं सांगते, चुकलं तर वैशालीताई दुरुस्त करतील.

तुम्ही तरुण होत्या तेव्हा कर्नाटकात एका माळावर असेच गोल दगड बघितले होते, एकावर एक रचलेल्या उशांसारखे. ते समुद्राच्या तळाशी झालेले. तळाशी जमीन फाटली, उकळता रस पाण्यात शिरला, वरून पटकन गार होऊन त्याची काच झाली, आत गरमच, मग काच तडकून पुढं दुसरी उशी. लय जुनं, तेव्हा समुद्रात मासासुद्धा नव्हता म्हणे. समुद्र गेला, उशा राहिल्या. आता आमच्या नाशकाचा सगळा दगड पण ज्वालामुखीचाच, पण तो उघड्यावर वाहिलेला, जमिनीवर, असं सगळे मोठे लोक सांगतात. अन् आमच्या खदानीत तुम्हाला दिसल्या उशा.

आत्याबाईंनी विचारलं, "म्हणजी हितं समिंदर व्हता?"

"तसं मी म्हणत नाही, आजी. तळं असेल, नदी असेल. दगड मात्र समुद्रातल्यासारखा दिसतोय. आधी पाणी होतं का नव्हतं तेवढं ठरू दे."

"पानी तर आजबी हाय. सविता धुनं धुती त्यात."

तुम्ही तिळाच्या लाडवाच्या दिवशी आल्या होत्या ते आठवतं का. मी पाक झाला का बघायला वाटीतल्या पाण्यात थेंब टाकला, त्याची गोळी झाली, ती मी बोटानं दाबली, वरून कडक, आतून मऊ. तुम्ही माझा हात धरला. "परत टाक." मी परत टाकला. "परत." तुम्ही वाटीत बघत बसल्या अन् माझा पाक लागला. ते लाडू दाताखाली दगडासारखे झाले, घरात मला बोलणी बसली. तुम्ही त्यातले चार नेले अन् कॉलेजात पोरांना दाखवले म्हणे.

मग पुण्याचे मोठे सर आले, जीपमधून. चांगला माणूस होता, कोमलला चॉकलेट दिलं. भिंतीला एक चक्कर मारली अन् म्हणले, "मॅडम, हा कांदा आहे. नाशकात दुसरं काय मिळणार?" बरोबरची पोरं हसली. तुम्ही पण हसल्या. जीप गेली तशा तुम्ही आमच्या घरात येऊन बसल्या, चहा गार झाला तरी घेतला नाय. मग म्हणल्या, "सविता, एक कांदा आण. अन् मोसंबी असेल तर मोसंबी."

तुम्ही दोन्ही आडवे कापले, ताटात शेजारी शेजारी ठेवले. कांद्यात गोलात गोल, गोलात गोल. मोसंबीत मधून बाहेर जाणाऱ्या फोडी, अन् वरून साल. म्हणल्या, जमिनीवरचा दगड उन्हापावसानं पिकतो, त्याचे कोपरे झिजतात, पापुद्रे सुटतात, तोही गोल होतो, पण आतून कांदा. पाण्यात झालेला असेल तर वरून काचेची साल अन् आत फोडी. बाहेरून दोन्ही सारखे. उघडल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, सर पण नाही, मी पण नाही.

आत्याबाई मोसंबीची फोड तोंडात टाकून म्हणल्या, "अन् निघालं लिंबू मंग?"

"निघेल ते निघेल, आजी. कांदा निघाला तर सरांना मी स्वतः पेढे देऊन येईन."

तुम्ही दिले असते, मला माहीत हाय.

तर तो एक दगड. भिंतीतल्या उशा निम्म्या क्रशरनं खाल्ल्या होत्या, उरलेल्या वर, हात पोचत नाय अशा, अन् पिकलेल्या. खालचे सुटे फुटके. हाच एक अख्खा, पाण्याच्या काठाला, अर्धा बुडालेला, घागरीपेक्षा मोठा, गुळगुळीत काळा, वरून एक भेग. त्याला तुम्ही तिसऱ्या हिवाळ्यात ठिपका दिला पण नंबर दिला नाय. म्हणायच्या, "चैत्रात पाणी उतरलं की याला बाहेर ओढू अन् उघडू." फोडू म्हणायच्या नाय कधी. उघडू. त्या एका दगडासाठी तुम्ही सगळा हिवाळा थांबायला तयार होत्या, अन् दर वेळी जाताना त्याच्यावर हात ठेवायच्या, जसं काय तो पळून जाईल.

त्याच भेगेत कोमलचा झगा अडकला.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई शेंदूर तेलात कालवून घेऊन गेल्या. दहीभात, हिरवा खण, बांगड्या. पाण्यातल्या साती आसरा तुम्हाला माहीतच होत्या, पाण्याकाठी सात दगड मांडतात, त्या पोरं ओढून नेतात अन् मर्जी असली तर परत देतात. आमच्या आसरेनं दिली. मोठा दगड ती थोरली. बाकीच्या सहा जणींसाठी आत्याबाईंनी काठावर रचून ठेवलेले तुमचेच नंबर टाकलेले बारके दगड घेतले, हाताशी होते म्हणून. तुम्ही आठवड्यानं आल्या, नवा चष्मा लावून, तर सगळं केशरी. चौदा नंबर, एकोणीस नंबर, सगळ्या बहिणी बहिणी शेजारी बसलेल्या.

मी लांबूनच बघत होते. तुम्ही हातोडी पिशवीत टाकली. चप्पल घालून कोणी जात नाय तिथं, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, तरी तुम्ही बुटाच्या नाड्या सोडल्या. जवळ जाऊन बसल्या. परत आल्या तेव्हा आत्याबाईंना म्हणल्या, "सुबक बसवलंय, आजी."

आत्याबाई म्हणल्या, "तुमच्यामुळं कळलं, बाई. नायतर आमी खुळ्यावानी तिच्यावर धुनं आपटत व्हतो."

ह्यात मला तुमचा राग येतो, बाई. अजून येतो. खरं सांगायची काय गरज होती. झगा अडकला होता हे तुम्ही एकटीनं बघितलं होतं. दुसऱ्या कोणाला दिसलं नव्हतं.

ते भांडण आपलं राहिलंच. एकदा आत्याबाई मार्केटला गेल्या होत्या, घरात कोणी नव्हतं, मी तुम्हाला म्हणलं, बाई, चला, फोडा गुपचूप, मी मागून माती लावून शेंदूर फासते, कोणाला कळायचं नाय. मला वाटलं तुम्ही खूश होताल. तुम्ही माझ्याकडं असं बघितलं, की मी कोमलला जवळ ओढलं.

"अन् उद्या पोरीला ताप आला तर कोणाला धरशील?"

मी म्हणलं, तुम्ही कुठं मानता हे.

"मी नाही मानत. तू मानतेस."

"मी पण एवढं नाय मानत."

"सविता, तुझा आवाज बघ कसा झालाय."

मग मीच चिडून म्हणलं, मग तुम्ही मागा ना आत्याबाईंकडं, सरळ मागा, त्या तुम्हाला नाय म्हणायच्या नाय, तुम्ही त्यांची नात दिलीय. तुम्ही पिशवीची नाडी ओढत होत्या, मी शिवून दिलेल्या मांजरपाटाच्या पिशव्या, दगड ठेवायच्या. म्हणल्या, "त्या नाही म्हणणार नाहीत म्हणूनच मागत नाही."

हे मला तेव्हा पटलं नाय. आता पण अर्धंच पटतं. मला वाटायचं, पुढच्या वेळी नीट भांडू. माझ्याकडं बोलायला लय होतं. मला म्हणायचं होतं, की आसरा असेल तर तिला पण कळलं पाहिजे ना ती आतून कोण हाय. आमच्या घरात मी कोणाशी असं बोलत नाय. तुमच्याशीच बोलता येत होतं, अन् तुमच्याशी बोलून झाल्यावर सुद्धा मी घाबरायचे, आपण काय बोललो म्हणून.

शेवटचं आल्या तेव्हा पाणी उतरलं होतं. चैत्रच होता. दगड पूर्ण उघडा, खालचा भाग पण दिसत होता, तिथं शेंदूर पोचला नव्हता. तुम्हाला दम लागत होता, दोनदा बसल्या. मला वाटलं आज मागणार. तुम्ही गळ्यातलं भिंग काढलं, दगडाच्या खालच्या अंगाला डोळा लावून लय वेळ वाकलेल्या, शेवटी मी म्हणलं, काय दिसलं? तुम्ही म्हणल्या, "साल दिसतीय. पण सालीवरून सांगायचं नसतं." मग ते भिंग कोमलच्या गळ्यात घातलं. ती त्यातून मुंगी बघायला लागली, अन् तुम्ही तिच्याबरोबर मुंगी बघत बसल्या. जाताना परत मागितलं नाय. मी पण विसरले. विसरले का ठेवून घेतलं, काय माहीत.

वैशालीताई सांगायला आल्या तेव्हा मी झेंडूच्या माळा ओवत होते. त्या म्हणल्या, बाई गेल्या, झोपेतच. व्यापारी दारात उभा होता. मी हातातली माळ पुरी केली, गाठ मारली, त्याला मोजून दिल्या, मग विचारलं, कधी. मला रडू आलं नाय. अजून नाय. लोक बघत्यात, म्हणून सांगते. आतून कसं झालंय, तर त्या दोरीसारखं. गाठ नीट हाय, आत कोणी नाय.

गंगापूर रोडच्या तुमच्या घरी मी पहिल्यांदा तेव्हाच आले. दाराच्या आत पण दगड, खिडकीत दगड, पलंगाखाली दगड, सगळे माझ्या पिशव्यांत. मला वाटायचं एवढ्या पिशव्या बाई काय करतात. तुमचे भाचे भले माणूस, रडून डोळे सुजलेले, मला कामवाली समजले असतील, हळूच म्हणले, "मावशीचं सगळं ठेवायचंय आम्हाला, पण ह्या दगडांचं काय करायचं?" मी म्हणलं, मला काय माहीत. मग म्हणलं, पिशव्या बदलू नका, नंबर पिशवीवर हायेत. वैशालीताईंनी सगळ्या कॉलेजात नेल्या.

अन् खदान भरायला घेतलीय. तिथं प्लॉट पडणारेत. डंपर येऊन एका अंगानं माती ओतत्यात, पाणी दुसऱ्या अंगाला सरकत चाललंय. वैशालीताई आल्या, हात जोडून आत्याबाईंना म्हणल्या, आजी, तो एक दगड द्या, बाईंचं शेवटचं काम हाय, उघडून बघायचाय.

आत्याबाई रागावल्या नाय. म्हणल्या, "लेकी, देवाला फोडून बघत्यात का आत काय हाय ते? हिच्या पोरीला फाडून बघशील का?"

वैशालीताई माझ्याकडं बघायला लागल्या. मी खाली बघितलं.

मग घरात ठरलं, थोरलीला मळ्यात आणायचं, बांधावर, विहिरीपाशी. बाकीच्या सहा जणींना गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, सोडायचं. काल नारळ दिला, तिला विचारलं, बाई चल आमच्याकडं, अन् मग ह्यांनी अन् शेजारच्या माणसांनी पहार घातली. दगड काही उठेना. चिखलानं धरलेला. ह्यांनी पहार खालून जोरात लावली तसा खट् आवाज झाला, अन् दगड उठला. सगळे दगडाकडं बघत होते, टेंपोत चढवायला. मी खाली बघत होते. चिखलात एक टवका पडला होता.

तळहाताएवढा. खालच्या अंगाचा, जिथं शेंदूर नव्हता. एका बाजूला साल, दुसऱ्या बाजूला आतलं. मी पाय ठेवला त्याच्यावर, मग वाकून उचलला, पदरात बांधला. का उचलला ते मला पण सांगता येणार नाय. तुम्ही असत्या तर नुसतं म्हणल्या असत्या, "हे धर जरा."

आता तो तांदळाच्या डब्यात हाय. मी धुतला, चिखल काढला, अन् भिंग आणलं कोमलच्या गळ्यातून. पण बघितलं नाय, बाई. कागदात गुंडाळला तसाच. बघितलं अन् मला कळलं, कांदा का मोसंबी, तर ते एकटीनं कळून मी काय करू. भांडायला तुम्ही नाय. अन् चुकीचं कळलं तर सांगायला पण तुम्ही नाय.

वैशालीताईंना मी निरोप धाडलाय, रविवारी या. टवक्याचं सांगितलं नाय. दिला तर त्या तो कापतील, घासून घासून कागदासारखा पातळ करतील, मग यंत्राखाली धरतील, तसं करावं लागतं, तुम्हीच सांगितलं होतं. म्हणजे आसरेचं तेवढं अंग संपलंच. पण तुमचं एवढ्या वर्षांचं एका बाजूला लागेल. पेढे तरी कोणी कोणाला द्यायचे ते ठरेल.

अन् आत्याबाईंची नजर. बांधावर बसवताना त्यांनी थोरलीला सगळीकडून हात फिरवला, खाली ताजा काळा घाव लागला हाताला. आज सकाळी चुलीपाशी म्हणल्या, "टवका कुठं गेला गं? भंगलेलं घरात ठिवू नये. उद्या सहा जणींबरोबर गंगेत सोडू." मी म्हणलं, बघते, चिखलात असेल. त्या म्हणल्या, "बघ. तुझ्या पोरीसाठी सांगती." धमकी नव्हती ती. खरंच पोरीसाठी सांगत होत्या. कोमलवर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त जीव हाय.

कोमल आता शिंकली. नुसती शिंकली. उन्हातान्हात खेळती, धूळ हाय डंपरची, सगळ्या वस्तीला शिंका येत्यात. तरी मी लिहायचं थांबून तिच्या कपाळाला हात लावून आले. गार हाय. परत बसले तर तुमचं ते वाक्य पुढ्यात, कोणाला धरशील. तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं मी अशी बसणार ते.

पण मला दुसरं पण दिसतं, बाई. पोहता न येणारं माणूस बुटांसकट पाण्यात. तिला पोरीसाठी कोणाला विचारावं लागलं नव्हतं. अन् वर येऊन ती म्हणती, मी नाही, दगडानं.

आत्याबाईंना वाचता येत नाय, ह्यांना वाचायला वेळ नाय, म्हणून इथं लिहिलं. वैशालीताई, तुम्ही हे छापायच्या आधी वाचणार, म्हणजे तुम्हाला कळणारच, पण रविवारच्या आधी का नंतर, ते हे पाकीट मी कधी देते त्यावर हाय. अन् बाकी ज्यांच्या हातात हे पुस्तक पडलं, बाईंची माणसं, शिकलेली, तुम्ही वाचाल तोवर माझं काय ते करून झालेलं असेल. तरी सांगा मला. उद्या सकाळी म्हातारी टोपलीत सहा जणींना घेऊन दारात उभी असेल, सातवा टवका मागेल. पोरगी तुमच्या मांडीवर असती, भिंग तिच्या गळ्यात असतं, तर तुम्ही काय केलं असतं?